शाळेतली लॅटिन आणि अंदाजपत्रकाची कात्री

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्या अनेक वाचकांनी या वेळी एकाच विषयावर लिहिले आहे: मुलांच्या सरकारी शाळांतले लॅटिनचे वर्ग पैशाअभावी बंद होण्याच्या बेतात आहेत. त्यांतली चार पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान नगरात राहतो. आमचा मुलगा नगराच्या हायस्कूलमध्ये नववीत असून तेथे तो लॅटिन शिकतो. येत्या वर्षी तूट असल्यामुळे लॅटिनचा पहिल्या वर्षाचा वर्ग उघडायचा नाही आणि सध्या शिकत असलेल्या मुलांना मात्र चौथ्या वर्षापर्यंत शिकू द्यायचे, असा प्रस्ताव सुपरिंटेंडंटनी, म्हणजे नगराच्या शाळांच्या मुख्य प्रशासकांनी, मांडला आहे. आमच्या मुलाचे यात नुकसान नाही असे शाळेकडून सांगण्यात येते. तरीही आम्ही काही पालक मे महिन्यातल्या टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे नगराच्या सभेत, या विषयावर बोलणार आहोत. आमची काळजी योग्य आहे का, आणि आम्ही योग्य ठिकाणी जात आहोत का?
— एक पालक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : काळजी योग्य आहे, ठिकाण मात्र चुकते आहे.

आधी काळजीविषयी. बहुतेक शाळांत लॅटिनचा सगळा भार एकाच शिक्षकावर असतो. पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंतचे सर्व वर्ग तोच घेतो, आणि वरच्या वर्गांत मुले कमी असल्यामुळे तिसऱ्या व चौथ्या वर्षाची मुले पुष्कळदा एकाच खोलीत, एकाच तासाला बसतात. पहिल्या वर्षाचा वर्ग बंद झाला की त्या शिक्षकाचे पूर्णवेळ काम राहत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाचा वर्गही भरत नाही आणि काम आणखी घटते. घर चालवायचे असलेला शिक्षक अशा वेळी दुसऱ्या शाळेत पूर्णवेळ नोकरी शोधतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. तो गेला की उरलेल्या दोन-तीन वर्गांसाठी, तेही मोजक्या वर्षांपुरते, लॅटिन शिकवण्याचा परवाना असलेला नवा माणूस मिळणे अतिशय कठीण असते. मग वरच्या वर्गातल्या मुलांना ऑनलाइन अभ्यासक्रम दिला जातो किंवा दुसरी भाषा घ्यायला सांगितले जाते. म्हणून आपला मुलगा चौथ्या वर्षापर्यंत शिकेल हे आश्वासन सद्भावनेने दिलेले असले, तरी ते पाळणे शाळेच्या हातात राहीलच असे नाही. लॅटिन टिकते ती पहिल्या वर्षाच्या वर्गामुळे. आपली सगळी शक्ती त्या एका वर्गासाठी खर्च करावी, असे माझे ठाम मत आहे.

आता ठिकाणाविषयी. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार टाउन मीटिंग शाळांसाठी एकूण किती रक्कम द्यायची एवढेच ठरवते. ती रक्कम कोणत्या विषयावर, कोणत्या शिक्षकावर खर्च करायची हे ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या स्कूल कमिटीचा असतो. टाउन मीटिंगमध्ये आपण कितीही प्रभावी बोललात आणि सभेने टाळ्या वाजवून शाळांची रक्कम वाढवली, तरी ती वाढ लॅटिनकडे वळवण्याचा अधिकार त्या सभेला नाही. शिवाय तोवर उशीर झालेला असतो. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते; सुपरिंटेंडंटचा प्रस्ताव साधारणपणे हिवाळ्यात येतो; त्यावर स्कूल कमिटीला जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान सात दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. दरम्यान मुलांनी पुढच्या वर्षाचे विषय निवडलेले असतात आणि त्या निवडीवरून वेळापत्रक बसू लागते. विषयांच्या यादीत लॅटिन छापलीच गेली नाही तर ती कोणी निवडणार नाही, आणि मग मागणीच नव्हती असे सांगता येते. म्हणून विषयनिवडीची यादी निघण्यापूर्वी स्कूल कमिटीसमोर जाणे, आणि सुनावणीच्या दिवसाची वाट न पाहता तिच्या सदस्यांना आधी भेटणे, हे आपले पहिले काम.

तेथे गेल्यावर भाषेचे गुणगान करण्यापूर्वी हिशेब मागावा. लॅटिनचा शिक्षक काढला म्हणजे त्याचा सगळा पगार वाचला, असे अंदाजपत्रकाच्या तक्त्यात दिसते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. समजा, तो शिक्षक पाच वर्ग घेतो आणि त्या पाच वर्गांत मिळून सत्तर मुले आहेत. लॅटिन बंद झाल्यावर त्यांतल्या बहुतेकांना दुसरी भाषा घ्यावीच लागणार, कारण राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना प्रवेशासाठी एकाच परकीय भाषेची दोन वर्षे लागतात. स्पॅनिशच्या आणि फ्रेंचच्या चालू वर्गांत रिकाम्या जागा असतील तर ही मुले तेथे सामावतील. नसतील तर पंचवीस-पंचवीसचे जवळजवळ तीन नवे वर्ग उघडावे लागतील आणि ते शिकवायला कोणाला तरी पगार द्यावा लागेल. म्हणजे पाच वर्गांचा पगार वाचल्याचे दाखवून तीन वर्गांचा पगार दुसऱ्या खात्यावर पडतो. ही आकडेमोड केवळ उदाहरणादाखल आहे. आपल्या शाळेचे खरे आकडे मागावेत. लॅटिनच्या प्रत्येक वर्गात किती मुले आहेत, स्पॅनिश आणि फ्रेंचच्या प्रत्येक वर्गात किती जागा शिल्लक आहेत, आणि बदलानंतर भाषांचे एकूण वर्ग किती कमी होतील, एवढे तीन प्रश्न लेखी विचारले तरी चर्चेचा सूर बदलतो. उत्तरातून बचत खरोखर मोठी निघाली, तर तीही प्रामाणिकपणे मान्य करावी.

तूट कशामुळे आली हेही समजून घ्यावे, म्हणजे शाळेशी बोलताना तिला शत्रू मानण्याची चूक होत नाही. 1980 साली मतदारांनी संमत केलेल्या 'प्रपोझिशन अडीच' या कायद्यामुळे नगराची मालमत्ता कराची वसुली, नवी बांधकामे वगळता, वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. शिक्षकांचा आरोग्य विमा, मुलांची वाहतूक, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना खासगी संस्थांत पाठवण्याचा खर्च मात्र या मर्यादेची पर्वा न करता वाढतो. 2024 च्या आर्थिक वर्षासाठी तर राज्याने या खासगी संस्थांच्या शुल्कात 14 टक्के वाढ मंजूर केली होती. त्यात महासाथीच्या काळात केंद्र सरकारने देशभरच्या शाळांना दिलेले सुमारे 190 अब्ज डॉलर संपले. त्यांतल्या शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या हप्त्याचा विनियोग ठरवण्याची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली, आणि त्या पैशावर नेमलेल्या माणसांचे पगार नगरांच्या अंगावर आले. राज्याकडून मिळणारी मदत गरीब नगरांसाठी 2019 च्या कायद्याने बरीच वाढली, पण मध्यम स्थितीतल्या असंख्य नगरांना केवळ किमान वाढ मिळते. 2025 च्या आर्थिक वर्षात ती दर विद्यार्थ्यामागे 104 डॉलर होती. अशा स्थितीत सुपरिंटेंडंटला कोठेतरी कात्री लावावीच लागते, आणि जिच्यामागे पालक कमी आहेत अशी गोष्ट आधी हाताशी येते.

अडीच टक्क्यांची मर्यादा ओलांडायची असेल तर नगराला मतपेटीद्वारे बहुमताने 'ओव्हरराइड' मंजूर करून घ्यावा लागतो. आपल्या नगरात तसे मतदान व्हायचे असेल तर स्कूल कमिटी बहुधा दोन अंदाजपत्रके तयार करील, एक ओव्हरराइड मंजूर झाल्यास आणि दुसरे तो फेटाळला गेल्यास. लॅटिनचा पहिल्या वर्षाचा वर्ग पहिल्या अंदाजपत्रकात नावानिशी आहे का, हे आपण तपासावे. नसेल तर ओव्हरराइडसाठी घरोघर फिरूनही, आणि तो जिंकूनही, लॅटिन परत येणार नाही.

पूर्ण वर्ग वाचवणे अगदीच अशक्य दिसले तर मधला मार्ग सुचवावा: पहिल्या वर्षाचा वर्ग दरवर्षी न भरवता एक वर्षाआड भरवावा, किंवा शिक्षकाकडे लॅटिनबरोबर इतिहासाचे वा इंग्रजीचे एक-दोन वर्ग द्यावेत, अर्थात त्याच्याकडे त्याचा परवाना असेल तर. यात भाषेची ओढाताण होते हे खरे, परंतु शिक्षक टिकतो, आणि बरी वर्षे आली की कार्यक्रम पुन्हा वाढवता येतो. एकदा बंद झालेली लॅटिन शाळेत परत आल्याची उदाहरणे फार थोडी असतात.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी असलेल्या तज्ज्ञ शिक्षकांची पदे रद्द होत आहेत, समुपदेशक कमी होत आहेत. अशा वेळी काही पालक लॅटिन वाचवा म्हणून स्वाक्षऱ्या गोळा करत आहेत. लॅटिनमुळे बुद्धीला शिस्त लागते, एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या चाचणीचे गुण वाढतात, इतर भाषा सोप्या जातात, असे त्यांच्या पत्रकात लिहिले आहे. हे दावे खरे आहेत का? आणि खरे असले तरी ज्या मुलाला इंग्रजीच नीट वाचता येत नाही त्याच्या आधी लॅटिनचा विचार करावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. वाचता न येणाऱ्या मुलाचा शिक्षक आणि लॅटिनचा शिक्षक यांतून एकच ठेवता येत असेल, तर वाचनाचा शिक्षक ठेवावा. लॅटिनवर मनापासून प्रेम असूनही मी हे लिहितो आहे. परंतु अंदाजपत्रकात निवड इतकी सरळ समोरासमोर क्वचितच असते. या दोन पदांखेरीज तेथे शेकडो बाबी असतात, आणि त्यांतल्या नेमक्या दोनच गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करून पालकांना भांडायला लावले जाते, तेव्हा बाकीच्या बाबींकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. दोन्ही गटांतल्या पालकांनी एकत्र बसून पूर्ण अंदाजपत्रक वाचावे, असे मी सुचवीन.

आता दाव्यांविषयी. बुद्धीला शिस्त लागते हा दावा फार जुना आहे, आणि मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 च्या दशकातच हायस्कूलच्या हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन तो तपासला होता. लॅटिन शिकल्याने विचारशक्तीत इतर विषयांहून विशेष वाढ होते असे त्यांना आढळले नाही. हुशार मुले लॅटिन घेत असत, म्हणून लॅटिन घेणारी मुले हुशार दिसत. एसएटीच्या गुणांची तुलना आज केली जाते तिच्यातही हाच दोष आहे. इतर भाषा सोप्या जातात याविषयी लुडविग हाग आणि एल्सबेथ स्टर्न या जर्मन संशोधकांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत लॅटिन शिकलेल्या आणि फ्रेंच शिकलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्पॅनिश शिकवली, तेव्हा फ्रेंच शिकलेल्यांनी कमी चुका केल्या. स्पॅनिश यावी म्हणून आधी लॅटिन शिकावी, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. इंग्रजी शब्दसंपत्तीचा दावा त्या मानाने अधिक भक्कम आहे. इंग्रजीतल्या विद्वत्तेच्या, कायद्याच्या आणि वैद्यकाच्या शब्दांचा फार मोठा भाग लॅटिनमधून आलेला आहे, आणि फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांत 1970 च्या सुमारास प्राथमिक वर्गांतल्या सामान्य घरांतील मुलांना रोज थोडा वेळ लॅटिन शिकवली गेली, तेव्हा त्यांच्या इंग्रजी शब्दज्ञानात चांगली वाढ नोंदवली गेली होती. आपल्या चिंतेशी याचा थेट संबंध आहे, कारण वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठीही अशा लॅटिनचा उपयोग होऊ शकतो.

स्वाक्षऱ्या गोळा करणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे की, पत्रकातून एसएटी काढून टाकावी. गुणांसाठी लॅटिन मागितली तर समोरचा माणूस गुण वाढवण्याचा स्वस्त उपाय दाखवतो, आणि तेथे वाद संपतो. लॅटिन शिकण्याचे कारण लॅटिनमध्येच आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला रोमन कवी व्हर्जिलची कविता किंवा रोमन लेखक धाकट्या प्लिनीने व्हेसुव्हियसच्या उद्रेकाविषयी लिहिलेले पत्र मूळ शब्दांत, हळूहळू, प्रत्येक शब्दाचे रूप ओळखत वाचता येणे, ही शाळेने दिलेली मोठी गोष्ट आहे. ज्या मुलांना वर्गात परकी भाषा बोलण्याचे दडपण येते, उच्चार आणि लेखन यांचा मेळ न बसल्यामुळे जी अडखळतात, त्यांना अनेक शाळा मुद्दाम लॅटिनकडे वळवतात, कारण येथे भर वाचनावर असतो आणि लिहिले तसे उच्चारले जाते. लॅटिन काढली की या मुलांची सोय जाते, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे सुनावणीला फारसे कोणी येत नाही.

आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलांतली जवळजवळ निम्मी मुले लॅटिन शिकत होती. 1962 मध्ये ती संख्या सुमारे सात लाख होती आणि 1976 पर्यंत दीड लाखावर आली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत लॅटिनचे सुमारे 2 लाख 10 हजार विद्यार्थी मोजले गेले, तर स्पॅनिशचे 70 लाखांहून अधिक. म्हणजे लॅटिन कमी झाली, पण संपली नाही. आणि ज्या खासगी शाळांना पैशाची चणचण नाही त्या ती सोडतही नाहीत. सरकारी शाळेने ती सोडली तर ती केवळ शुल्क भरू शकणाऱ्यांच्या मुलांसाठी उरते. मला याचेच सर्वांत वाईट वाटते.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझे लॅटिनचे दुसरे वर्ष चालू आहे. आमच्या शाळेत पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षाचा वर्ग भरणार नाही असे कळले. मला एपीची, म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची, परीक्षा द्यायची होती. कॉलेजच्या प्रवेशात माझे नुकसान होईल का? मी स्पॅनिश सुरू करावी का?
— एक विद्यार्थिनी, अमेरिका

उत्तर : प्रवेशाची फार धास्ती घेऊ नकोस. शाळेत जे विषय उपलब्ध होते त्यांतून विद्यार्थ्याने काय निवडले, हे कॉलेजे पाहतात. जो वर्ग भरलाच नाही तो न घेतल्याचा दोष तुझ्याकडे येत नाही. मात्र हे त्यांना कळायला हवे. म्हणून तुझ्या समुपदेशकाने पाठवायच्या पत्रात, लॅटिनचा वर्ग शाळेने अंदाजपत्रकामुळे बंद केला आणि तुला तो पुढे घ्यायचा होता, असे स्पष्ट लिहावे, ही विनंती तू आजच कर. पुढच्या वर्षापर्यंत थांबलीस तर हे ज्यांच्या लक्षात आहे ती माणसे शाळेत असतीलच असे नाही.

भाषा पुढे चालू ठेवायची असेल तर एपीची परीक्षा देण्यासाठी शाळेत तो वर्ग असण्याची अट नाही. त्या परीक्षेसाठी 2025-26 पासून व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्यातले उतारे आणि धाकट्या प्लिनीची पत्रे नेमलेली आहेत. नोंदणी मात्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते आणि ती एखाद्या शाळेमार्फतच होते. तुझी शाळा तयार नसेल तर जवळच्या दुसऱ्या शाळेला सप्टेंबरमध्येच विचारावे. दोन वर्षांच्या अभ्यासावर एकट्याने थेट व्हर्जिलकडे जाणे अवघड आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मध्ये एक वर्ष सोपे गद्य वाचण्यात घालवावे, आणि शक्यतो ऑनलाइन तिसऱ्या वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम घ्यावा, ज्याचे शुल्क शाळेने भरावे अशी मागणी तुझ्या पालकांनी करावी. वर्ग शाळेने बंद केला असल्यामुळे ही मागणी रास्त आहे. दरवर्षी होणारी राष्ट्रीय लॅटिन परीक्षाही देत राहा, म्हणजे अभ्यास चालू असल्याचा पुरावा राहील. घरात कोणाला संस्कृत येत असेल तर त्यांच्याबरोबर बस. विभक्तीची सवय असलेल्या माणसाला लॅटिनची रूपे परकी वाटत नाहीत, आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्याला सोबतीची फार गरज असते.

स्पॅनिश सुरू करायची तर आवडीने कर. लॅटिन सोडून देण्यासाठी ते कारण पुरेसे नाही.

प्रश्न : इंग्लंडमधल्या ज्या सरकारी शाळांत लॅटिनसाठी विशेष निधी मिळत होता, त्यांपैकी एका शाळेत आमची मुलगी शिकते. निधी थांबल्यावर शाळेने स्वतःच्या पैशातून वर्ग चालू ठेवले आहेत, पण पुढे काय होईल याची खात्री मुख्याध्यापक देत नाहीत. आम्ही काय करावे?
— एक पालक, इंग्लंड

उत्तर : आपण उल्लेखिलेली योजना 2021 च्या उन्हाळ्यात जाहीर झाली होती. चाळीस लाख पौंडांच्या निधीतून 40 सरकारी शाळांत 11 ते 16 वयाच्या मुलांना लॅटिन शिकवायची, असे ठरले आणि 2022 च्या सप्टेंबरपासून वर्ग सुरू झाले. इंग्लंडमधल्या खासगी शाळांपैकी 49 टक्के शाळांत माध्यमिकच्या सुरुवातीच्या वर्षांत लॅटिन असते आणि सरकारी शाळांपैकी केवळ 2.7 टक्के शाळांत, असे ब्रिटिश कौन्सिलच्या पाहणीत दिसले होते. ही दरी कमी करणे हा योजनेचा हेतू होता. नव्या सरकारने 2024 च्या डिसेंबरमध्ये निधी थांबवत असल्याचे कळवले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मधोमध, तो थांबला. सार्वजनिक पैसा अपुरा असताना सरकारने योजना बंद करणे मी समजू शकतो; वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहणे मला अजिबात पटलेले नाही.

आपल्या शाळेने वर्ग चालू ठेवले हे मोठे काम आहे, आणि ते शाळेला कळवणे आवश्यक आहे. पालकांची सह्यांची पत्रे मुख्याध्यापकांइतकीच शाळेच्या गव्हर्नर मंडळाकडेही पाठवावीत, कारण पुढच्या वर्षाचा खर्च त्या मंडळापुढे मंजुरीला येतो. जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायच्या शालान्त परीक्षेचा, अभ्यास सुरू केलेल्या मुलांना ती परीक्षा देईपर्यंत शिक्षक मिळेल, एवढे तरी लेखी मागावे. 'क्लासिक्स फॉर ऑल' ही संस्था 2010 पासून सरकारी शाळांना अभिजात भाषांच्या अध्यापनासाठी मदत करते, आणि आधीच शाळेत असलेल्या दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांना लॅटिन शिकवण्यासाठी तयार करण्यावरही तिचा भर आहे. नवा शिक्षक नेमणे परवडत नसेल अशा शाळेला हा मार्ग झेपण्यासारखा आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना आपण या संस्थेचा उल्लेख करावा, आणि शाळेतले इतिहासाचे किंवा फ्रेंचचे कोणी शिक्षक हे काम आनंदाने घेतील का, याची आधी विचारपूस करून ठेवावी.